मिटल्यावरचा अर्धा सेकंद

ही गोष्ट खरी आहे.

तुम्हाला खोटी वाटली तर वाटू द्या, मला काही फरक पडत नाही. या पानावर मी महिनाभर तुमच्या गोष्टी वाचल्या. पांढरे कपडे, मोकळे केस, उलटे पाय, बाराचे ठोके. पन्नास-साठ तरी वाचल्या असतील. एकाही भुताला काही काम नाही. येतं, घाबरवतं, जातं. रिकामटेकडी भुतं आणि रिकामटेकडे वाचणारे.

माझ्या गोष्टीत रात्र नाही.

गेल्या वर्षीचा मार्च महिना. मंगळवार. दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. डोक्यावर दिवा, आजूबाजूला सोळा माणसं. एवढ्या उजेडात...

पण आधी माझं काम सांगायला हवं. त्याशिवाय तुम्हाला काही कळायचं नाही.

मी औषधाच्या कारखान्यात तपासनीस होतो. एकतीस वर्षं. इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या असतात, त्यांना आम्ही व्हायल म्हणतो. भरून, बूच बसवून त्या आमच्याकडे येतात. तीन बाजूंनी बंद असं एक खोकं असतं, तो बूथ. मागचा पडदा अर्धा काळा, अर्धा पांढरा. वर दिवा. व्हायल मानेला धरायची, हळूच उलटी करायची, बुडबुडा होऊ द्यायचा नाही. पाच सेकंद काळ्यासमोर, पाच सेकंद पांढऱ्यासमोर. काचेचा कण, धागा, केस, ठिपका, काहीही दिसलं की लाल ट्रे. नाही दिसलं की निळा ट्रे.

एवढंच काम.

"नुसतं बघायचा पगार देतात होय भाऊजी?" असं माझा मेहुणा चारचौघांत विचारायचा आणि स्वतःच हसायचा. स्वतःच्या ताटात माशी पडली तर ज्याला दिसत नाही, तो माणूस.

नियमांच्या पुस्तकात नसलेली एक गोष्ट मला एका म्हाताऱ्या तपासनिसाने शिकवली होती. तेव्हा मी नवा होतो. ओळीने तीन खराब व्हायल मी निळ्या ट्रेमध्ये टाकल्या. म्हाताऱ्याने त्या उचलून माझ्या नाकासमोर धरल्या.

"गाढवा, बघताना कण दिसत नाही," तो म्हणाला. "डोळा सगळं घेतो. तू त्यातलं मूठभर उचलतोस आणि बाकीचं सांडून टाकतोस. बघ, आणि लगेच डोळे मीट. मिटल्यावरही चित्र क्षणभर तिथेच असतं. त्या क्षणात राहिलेलं शोध."

मी करून बघितलं.

आणि खरंच... मिटल्यावर व्हायल तिथेच होती. तळाशी, डावीकडे, केसाएवढा धागा. उघड्या डोळ्यांनी मी तो पाहिलाच नव्हता. अर्धा सेकंद, तोही पुरता नाही. मग सगळं विरलं.

त्यानंतर एकतीस वर्षं मी तसाच बघत आलो. बघायचं, मिटायचं, ठरवायचं. कारखान्यात मला घार म्हणायचे. आमची परीक्षा घ्यायला ऑफिसवाले मुद्दाम खराब व्हायल मिसळायचे. माझ्या हातून त्यातली एकही निसटली नाही. आता तिथे कॅमेरा बसवणार आहेत म्हणे. बसवा. कॅमेरा बघतो, पण त्याला डोळे मिटता येत नाहीत.

हे सगळं मी घरी हिला सांगितलं होतं. ही म्हणजे माझी बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा. तिने त्याचा खेळ करून टाकला.

रोज सकाळी सहा चाळीसला मी बूट घालून बाहेरच्या दारात उभा राहायचो. ही स्वयंपाकघराच्या दारात यायची. मधे दहा पावलांचा पॅसेज. ती मला वरपासून खालपर्यंत बघायची आणि डोळे मिटायची. मग निकाल लागायचा.

"कॉलरला साबण. लाल ट्रे."

"अगं, बस जाईल."

"जाऊ दे. असला माल मी बाहेर सोडत नाही."

मग माझी पाळी. मी तिला बघायचो, डोळे मिटायचो आणि म्हणायचो, "निळा."

"न बघताच पास करता तुम्ही. कारखान्यातही असंच करत असाल. लोकांचं काही खरं नाही."

सत्तावीस वर्षं हा खेळ चालला. मुलगी लहान असताना आम्हाला हसायची. मोठी झाल्यावर कंटाळायची. मग तीही लांब नोकरीला गेली आणि घरात आम्ही दोघंच हा पोरखेळ करत राहिलो.

त्या दिवशी गुरुवार होता. फेब्रुवारीतला.

कारखान्यात मोठी तपासणी होती, बाहेरून माणसं येणार होती. सहा पन्नासला कंपनीची बस. एकतीस वर्षांत माझ्या नावावर उशिराचा एक शेरा नव्हता. ही पाण्याचा ग्लास हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. सहा चव्वेचाळीस झाले होते.

मी बघितलं. डोळे मिटले.

"निळा," म्हणालो आणि दार ओढून निघालो.

माझी तपासणी करून घ्यायला थांबलो नाही.

अकरा वाजता सुपरवायझरने मला बूथमधून उठवलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंचा फोन होता. त्यांच्याकडे आमची एक किल्ली असायची. हिचा ब्लाउज द्यायला त्या वर आल्या होत्या. "भाऊ, वहिनी स्वयंपाकघरात पडल्यात. तुम्ही थेट हॉस्पिटलमध्ये या."

मेंदूत रक्ताची गुठळी. संध्याकाळी ही गेली. बोलली नाही. डोळेही उघडले नाहीत.

"दोन-तीन तास आधी आणलं असतं तर..." डॉक्टर म्हणाला आणि पुढचं वाक्य गिळलं. अर्धी वाक्यं बोलायला वेगळं शिक्षण घेतात वाटतं.

मग माणसं आली. माणसं अशा वेळी काय काय बोलतात याची कोणीतरी यादी करायला हवी. सुटली. भाग्यवान होती. कळलंही नसेल तिला. मेहुणा कॅन्टीनची बिस्किटं खात म्हणाला, "भाऊजी, ताई पटकन गेली हो. उभ्याउभ्या पडली, संपलं. त्रास नाही झाला."

मी मान हलवली. त्या वेळी मला तेच हवं होतं. पटकन गेली. मी निघालो तेव्हा ती ठीक होती. मी बघितलं होतं ना. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

एकोणीस दिवसांनी मी कामावर परत गेलो. मंगळवार.

चार नंबरचा बूथ माझा. दुपारी दोन चाळीसला एक व्हायल उचलली. उलटी केली. काळा पडदा, पाच सेकंद. पांढरा पडदा, पाच सेकंद. स्वच्छ होती.

डोळे मिटले.

व्हायल नव्हती...

स्वयंपाकघराचं दार होतं. आमच्या. दाराच्या चौकटीत ही उभी होती. हातात ग्लास.

मी डोळे उघडले. व्हायल हातात, दिवा डोक्यावर. शेजारच्या बूथमध्ये कोणीतरी खोकलं.

मी दुसरी व्हायल घेतली. काळा, पांढरा, मिटले.

पुन्हा ही.

त्या दुपारी मी दोनशे दहा व्हायल तपासल्या. दोनशे दहा वेळा ती उभी होती. न हलता, माझ्याकडे बघत. अर्धा सेकंद, मग अंधार.

मी घाबरलो नाही. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलोय. बायको गेली, डोकं जागेवर नाही, एवढंच म्हटलं. पण ज्या डोळ्यांनी व्हायल दिसत नाही, त्या डोळ्यांनी औषध पास करायचं नसतं. म्हणून मी कारखान्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

वयाने माझ्या मुलीएवढी. टेबलावर एक छोटं रोपटं आणि हसरा चेहरा काढलेला कप. मी सांगितलं ते तिने ऐकून घेतलं आणि मग मला शिकवायला लागली. मला.

"सोपं आहे. डोळ्यासमोरचं चित्र गेलं तरी मेंदू ते क्षणभर धरून ठेवतो. अर्ध्या सेकंदाच्या आत ते विरतं. त्यातलं ज्याच्याकडे आपलं लक्ष जातं तेवढंच पुढे आठवणीत जातं. बाकीचं कायमचं पुसलं जातं."

"हे मला एका आठवी नापास म्हाताऱ्याने एकतीस वर्षांपूर्वी सांगितलंय," मी म्हणालो.

ती हसली. "मग ही टेस्ट आवडेल तुम्हाला."

पडद्यावर बारा अक्षरं चमकणार. तीन ओळी, प्रत्येकीत चार. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती जाणार. ती गेल्यावर घंटी वाजणार. बारीक आवाज म्हणजे वरची ओळ, मधला म्हणजे मधली, जाड म्हणजे खालची. जी ओळ मागितली तेवढीच सांगायची.

"सगळी बारा सांगा म्हटलं तर लोकांना चार-पाचच येतात," ती म्हणाली. "पण एकच ओळ मागितली तर बहुतेक पूर्ण येते. कुठलीही मागा. म्हणजे बाराही अक्षरं त्या क्षणी आत असतात. सांगेपर्यंत सांडतात."

अक्षरं चमकली. बारीक घंटी.

"क, ट, म, ह."

"बरोबर."

पुन्हा चमकली. मधली घंटी.

"ल, ग, प, स."

"बरोबर. वा."

तिसऱ्यांदा चमकली. जाड घंटी.

मी खालची ओळ बघायला गेलो... आणि तिथे अक्षरं नव्हती.

फरशी होती. आमच्या पॅसेजची, पिवळट. फरशीवर हिचे पाय. वरच्या दोन ओळींत मात्र अक्षरं आपल्या जागी नीट बसलेली.

"सांगा ना," डॉक्टरीण म्हणाली.

"काही नाही."

"काहीच दिसलं नाही?"

"मॅडम, जे अर्ध्या सेकंदात विरतं, ते एकोणीस दिवस कसं टिकतं?"

तिचं शिकवणं थांबलं. मग दुःख, झोप, वेळ, असलं काहीतरी बोलली आणि गोळ्या लिहून दिल्या. "नवीन चित्र समोर आलं की जुनं पुसलं जातं," ती म्हणाली. "बाहेर फिरा. नवीन काहीतरी बघा."

बघितलं. रस्त्यावर उभा राहून गाड्या बघितल्या. टीव्हीसमोर बसून चॅनल बदलत राहिलो. माणूस मिनिटाला किती वेळा पापणी लववतो तुम्हाला माहीत आहे का? मी मोजलंय. पंधरा, कधी वीस.

प्रत्येक वेळी ती होती.

मग मी माझ्या धंद्याचं काम केलं. नीट बघायला लागलो.

हिच्या मागे स्वयंपाकघराच्या भिंतीच्या फरश्या दिसायच्या. खालून मोजायला घेतलं. हातातला ग्लास पाचव्या फरशीच्या वरच्या कडेला होता. मी कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलं. पाच, वर.

तीन दिवसांनी...

ग्लास पाचव्या फरशीच्या मध्यावर होता.

आठवड्याने पाचवीच्या खालच्या कडेला. आणि तिरका. पाणी एका काठाला आलेलं.

चित्र जागेवर थांबलेलं नव्हतं. ते पुढे सरकत होतं. रोज केसाएवढं.

मी दार ओढल्यानंतरचं मला दिसत होतं. जे मी पाहिलेलंच नाही ते.

आणि मग एका दुपारी मला तिचं तोंड दिसलं. म्हणजे रोजच दिसत होतं. पण ग्लास सोडून मी तिकडे बघितलंच नव्हतं. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती. डावा खांदाही. शिकाऊ तपासनिसालाही कळावं इतकं स्पष्ट.

ते कधीपासून होतं? पहिल्या दिवसापासून. पहिल्या चित्रापासून. म्हणजे मी "निळा" म्हणालो त्या क्षणी ते माझ्या मिटलेल्या डोळ्यात होतं. बाराही अक्षरं आत होती. मी त्यातलं घड्याळ तेवढं उचललं.

मी कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? मेहुण्याला?

मे महिन्यात मी दोन दिवस रजेवर होतो. माझ्या बूथवर एका नव्या मुलीला बसवलं होतं. तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. मला ती मुळीच आवडायची नाही. व्हायल अशी हलवायची की सरबत ढवळतेय. पण मीच तिला ती मिटून बघायची रीत शिकवली होती, कारण तिच्या चुका निस्तरायचा मला कंटाळा आला होता.

मी परत आलो तेव्हा ती बूथपाशी उभी होती.

"काका, एक विचारू? रागवू नका."

"विचार. रागवायचं ते मी नंतर ठरवेन."

"मला तुमच्या बूथवर नका बसायला सांगू परत."

"का? खुर्ची टोचते?"

ती हसली नाही.

"डोळे मिटले की... एक बाई दिसते. पिवळट फरशी आहे. बाईंचं तोंड असं एका बाजूला गेलंय. आधी वाटलं झोप झाली नाही माझी. पण दोन्ही दिवस दिसली. माझ्या स्वतःच्या बूथवर नाही दिसत. इथेच."

माझ्या बायकोला तिने कधी पाहिलं नव्हतं. फोटोतही नाही. आमची फरशी कशी आहे ते तिला कळायचं कारण नव्हतं.

"आणखी काय दिसतं?" मी विचारलं.

"नको ना काका."

"तू तपासनीस आहेस. काय दिसलं ते सांग."

"खाली काच फुटलीय. पाणी सांडलंय. त्यांच्या एका पायात चप्पल नाही. तो पाय काचेवर आहे."

मी अजून तिथवर पोचलो नव्हतो. माझ्या चित्रात त्या दिवशी ग्लास नुकता हातातून सुटला होता. हवेत होता.

त्या संध्याकाळी मी शिंपीणबाईंच्या दारात गेलो. त्या मशीनवर बसल्या होत्या. तोंडात टाचण्या.

"हिच्या पायात चप्पल होती का हो? त्या दिवशी?"

त्यांनी एकेक टाचणी काढून उशीला टोचली.

"कोण बोललं तुम्हाला?"

"होती का नव्हती?"

"एकाच पायात होती," त्या म्हणाल्या. "दुसरी स्वयंपाकघराच्या दारात पडली होती. काचेत."

"मग ही पडली कुठे?"

"भाऊ, जाऊ द्या ना आता."

"तुम्ही मला सांगितलंत स्वयंपाकघरात."

"खोटं सांगितलं. काय करायचं होतं मग?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मी किल्ली लावली तर दार उघडेना. आतून काहीतरी अडत होतं. ढकललं थोडं... तर वहिनी होत्या. दाराशीच. हात दाराकडे. स्वयंपाकघरापासून दारापर्यंत सगळे लाल ठसे. एकाच पायाचे. ते पुसले मी. तळपायातली काचही मीच काढली, गाडी येईपर्यंत. म्हटलं, माणसाला कशाला कळायला हवं हे."

पटकन गेली. कळलंही नसेल. त्रास नाही झाला.

फुटकी काच, सुन्न झालेला अर्धा देह, दहा पावलांचा पॅसेज. ती माझ्या मागे आली होती.

आता एक गोष्ट मी इथे लिहितो. मुलीला सांगितलेली नाही. तुम्ही माझे कोणी नाही आणि तुमच्या मताला मी फुटकी कवडी किंमत देत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

मी ग्लास फुटल्याचा आवाज ऐकला होता.

दुसऱ्या जिन्यावर होतो. खळ्ळ असा आवाज आला. मी थांबलो. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. वर बघितलं. मग घड्याळात बघितलं. सहा सेहेचाळीस.

"फोडला वाटतं एक," असं मोठ्याने म्हणालो आणि उतरलो.

अनोळखी माणसाच्या औषधात केस जाऊ नये म्हणून मी एकतीस वर्षं डोळे फोडले. आणि घरातल्या माणसाला एका घड्याळासाठी पास केलं. मी मेहुण्याला हसतो, डॉक्टरला हसतो, तुम्हाला हसतो. सगळ्यांत खराब माल कुठला होता ते मला कधीच दिसलं नाही.

जूनमध्ये मी नोकरी सोडली. निरोपाला घड्याळ दिलं त्यांनी. ते मी बसमध्येच सीटवर ठेवून उतरलो.

महिनाभराने चष्मेवालीचा फोन आला. तिला परत चार नंबरवर बसवलं होतं.

"काका, ती बाई आता दिसत नाही," ती म्हणाली. तिला वाटलं मला बरं वाटेल. मग हळूच म्हणाली, "नुसतं रिकामं दार दिसलं. दोन दिवस. मग तेही गेलं."

"बरं," मी म्हणालो.

कारखान्यातून ती गेली होती, कारण मी गेलो होतो.

तेव्हापासून चित्र पुढे सरकतंच आहे. ग्लास फुटला. चप्पल निसटली. मग पहिलं पाऊल... एक पाऊल टाकायला तिला तीन-चार आठवडे लागतात. उजवा हात भिंतीला. डावा लोंबकळता. मी पावलं मोजायचो. दहा पावलं होती. ती रोज केसाएवढी माझ्या जवळ येत होती.

ती पडेल, मग संपेल, असं वाटायचं. पडताना बघायची तयारी मी केली होती.

ती पडली नाही.

आता मार्च संपत आलाय. ती दारात पोचलीय. माझ्यासमोर, हातभर अंतरावर. या चित्रात दार बंद नाही. मी दारात उभा आहे, रोज सहा चाळीसला असायचो तसा. थांबलेला. त्या दिवशी जो थांबला नाही तो.

गेल्या आठवड्यात तिने मला बघायला सुरुवात केली. आधी कपाळ, मग कॉलर, मग बटणं. नजर खाली खाली जात होती. तोंड तसंच ओघळलेलं. पण मी ती नजर ओळखतो. राग नव्हता. कामाची नजर होती.

सोमवारी ती माझ्या बुटांपर्यंत पोचली.

आणि मंगळवारी, दुपारी, मी भांडी घासत होतो. पापणी लवली...

तिचे डोळे मिटलेले होते.

तेव्हापासून मिटलेलेच आहेत. आज पाच दिवस झाले. तिच्याकडून माझी तपासणी राहिली होती. ती आता चालू आहे. मला आत घेऊन ती राहिलेलं शोधतेय. माझ्यात जे आहे ते शोधायला घारीची नजर लागत नाही, कोणालाही सापडेल.

डॉक्टरीणबाई म्हणाली होती, अर्धा सेकंद. हिच्या बाजूचा अर्धा सेकंद किती दिवसांचा असतो ते तिने सांगितलं नाही. ठाऊक नसणारच.

मुलगी फोनवर म्हणते, माझ्याकडे या बाबा. मी म्हणतो, येईन. पण मी रोज सकाळी सहा चाळीसला बूट घालतो. स्वच्छ शर्ट घालतो, कॉलर दोनदा धुतलेली. बाहेरच्या दारात उभा राहतो आणि डोळे मिटतो.

तिचेही मिटलेले असतात.

एक दिवस ते उघडे असतील. मग ती रंग सांगेल.

मी थांबलोय. या वेळी मी जिना उतरणार नाही.